नदीपलीकडचं कोर्ट

२०१६ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरातला टीव्ही बंदच होत नव्हता. सिंधू रिओत एकेक फेरी पार करत होती. मी कोथरूडच्या एका हॉलवर पहाटे साडेपाचला दुहेरी खेळते, तिशी उलटल्यापासून खेळतेय, त्यामुळे सिंधूबरोबर बाकीचे निकालही मी चाळत बसायचे. पुरुष एकेरीच्या गटांत एका नावापाशी नजर थांबली : सोरेन ऑप्टी, सुरिनाम. सुरिनाम दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला, अटलांटिकच्या कडेला आहे, एवढंच शाळेतलं आठवत होतं. जेमतेम सहा लाख वस्तीचा देश, पिंपरी-चिंचवडच्या निम्म्याहूनही कमी. तिथे बॅडमिंटन कोण खेळतं? कुणाविरुद्ध खेळतं? ऑलिंपिकपर्यंत पोचायच्या आधी हरण्या-जिंकण्याची सवय कुठे लावून घेतं?

त्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात होतं : कारेबाको. कॅरिबियन रीजनल बॅडमिंटन कॉन्फेडरेशन. स्थापना १९७२. तेव्हापासून हे छोटे छोटे देश एकमेकांकडे जाऊन खेळतात. सांघिक, वैयक्तिक, मोठ्यांचं, ज्युनिअरचं. यजमानपद फिरत राहतं. याहून जास्त कागदावर फारसं हाती लागेना. मग भाचा तेलाच्या कामावर गयानाला गेला आणि म्हणाला, "मावशी, ये की. इथून सुरिनाम शेजारीच आहे." मी दोन रॅकेट आणि पिसांच्या शटलच्या चार ट्यूब बॅगेत भरल्या.

पहिला दिवस : जॉर्जटाउन

मुंबई, न्यूयॉर्क, जॉर्जटाउन. घड्याळ साडेनऊ तास मागे. पहिल्या दिवसाचं सांगण्यासारखं एकच : संध्याकाळी भाच्याने समुद्रकाठच्या भिंतीवर नेलं. डाव्या हाताला अटलांटिक, गढूळ तपकिरी, आणि उजव्या हाताला शहर, भरतीच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली. इंग्रजांच्या काळात बांधलेली भिंत आणि डचांच्या पद्धतीची कालव्यांवरची लाकडी दारं, ज्यांना इथे 'कोकर' म्हणतात, त्यांच्या जिवावर हे गाव कोरडं आहे. ओहोटीला दार उघडायचं, भरतीला बंद करायचं. आजही.

आधी डच, मग इंग्रज. शेजारचा सुरिनाम डचांकडेच राहिला. पुढच्या दिवसांत जे जे पाहिलं त्याच्या मुळाशी ही वाटणी होती.

दुसरा दिवस : दोन हॉल

सकाळी क्वीन्स कॉलेज. १८४४ मध्ये सुरू झालेली ही शाळा इथली सगळ्यात मानाची. तिच्या सभागृहात शहरातलं बॅडमिंटन वाढलं. भाषणं आणि बक्षीस समारंभ जिथे होतात त्याच जमिनीवर कोर्टच्या रेषा. दुपारनंतर क्लिफ अँडरसन स्पोर्ट्स हॉल, एका मुष्टियोद्ध्याच्या नावाचा. इथे सगळे खेळ एकाच छपराखाली नांदतात. जमिनीवर बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, तिन्हींच्या रेषा वेगवेगळ्या रंगांत एकमेकींवरून गेलेल्या. नवख्या माणसाला आपली रेषा शोधायला दहा मिनिटं लागतात. इथल्या पोरांना डोळे मिटून सापडते.

एक प्रशिक्षक भेटले, साठीचे. मी पुण्याची म्हटल्यावर ते थबकले. "पूना? दी पूना?" मी मान डोलावली. त्यांनी सरावाला आलेल्या मुलांना बोलावलं आणि सांगितलं, या बाई त्या गावच्या आहेत जिथे आपल्या खेळाला पहिल्यांदा नियम मिळाले. १८७३ च्या सुमारास पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हे नियम लिहिले असं सांगतात, आणि काही काळ खेळाचं नावच 'पूना' होतं. मग इंग्लंडात ड्यूक ऑफ बोफर्टच्या बॅडमिंटन हाऊसचं नाव त्याला चिकटलं. हे सगळं मला माहीत होतं. पण ते जॉर्जटाउनच्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना सांगितलं जाताना ऐकलं, आणि नंदू नाटेकर आठवले. सांगलीचा माणूस, १९५६ मध्ये क्वालालंपूरला जिंकला, परदेशातली स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय ठरला. मी मुलांना नाटेकरांच्या बॅकहँडबद्दल सांगितलं. माझ्या वडिलांनी तो डोळ्यांनी पाहिला होता.

मग त्यांनी मला कारेबाकोचं सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यात तारखांपेक्षा नकाशा जास्त होता. १९७२ हे साल नुसतं बॅडमिंटनचं नाही. त्याच वर्षी बार्बाडोसमध्ये ॲथलेटिक्सच्या कॅरिफ्टा स्पर्धा सुरू झाल्या, पुढच्या वर्षी कॅरिकॉम या राष्ट्रसमूहाचा करार झाला. जमैका आणि त्रिनिदाद स्वतंत्र होऊन तेव्हा दहाच वर्षं झाली होती, गयाना आणि बार्बाडोसला सहा. साहेब गेला होता आणि शेजाऱ्याची ओळख व्हायची होती. "आम्हाला लंडनचा रस्ता पाठ होता," ते म्हणाले, "शेजारच्या पारामारिबोचा नव्हता." पारामारिबो म्हणजे सुरिनामची राजधानी.

मला हे महत्त्वाचं वाटतं ते अशासाठी. वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेट येतं, आणि क्रिकेटचा वेस्ट इंडीज हा इंग्रजी बोलणारा आहे. सुरिनाम त्यात नाही. अरूबा, कुरासाव नाही. डोमिनिकन रिपब्लिक नाही, ग्वादलूप-मार्तिनिक नाही. बॅडमिंटनमध्ये मात्र हे सगळे एका ड्रॉमध्ये येतात. इंग्रजी, डच, स्पॅनिश, फ्रेंच. सुरिनामला कॅरिकॉममध्ये यायला १९९५ उजाडलं. नेटच्या दोन बाजूंना उभं राहून ही माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून एकमेकांना ओळखत होती.

गयानाच्या अलीकडच्या खेळाडूंत नारायण आणि प्रियाना रामधनी ही भावंडं. नारायण पुढे कॅनडात शिकायला गेला आणि तिथे खेळला. हे नाव ऐकून 'आपला' म्हणायचा मोह होतो. पण इथे येणारी पहिली जहाजं १८३८ मध्ये आली, आणि या लोकांचे पूर्वज बहुतेक भोजपूर-अवध पट्ट्यातले, कलकत्त्याहून चढलेले. मराठी मजूर गेले ते मॉरिशसला. तेव्हा इथे मी पाहुणी, नातेवाईक नव्हे, हे मनाशी पक्कं केलं.

शटलचं थोडं सांगते, कारण खेळणाऱ्या वाचकाला उत्सुकता असेल. ट्यूबवर ७५, ७६, ७७ असे आकडे असतात, ते वजनाचे, ग्रेन या जुन्या मापात. ७७ म्हणजे साधारण पाच ग्रॅम. हवा गरम किंवा विरळ असली की शटल लांब पळतं, म्हणून हलकं घ्यायचं. पुण्यात आपण साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणून हलकं. इथे उंची शून्य, पण उकाडा असा की इथेही हलकंच लागतं. माझी ट्यूब त्यांच्या कोर्टवर बरोबर पडली. फरक दुसराच. पुण्यात हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पिसं तुटू नयेत म्हणून आम्ही ट्यूबला वाफ देतो. इथे ते काम समुद्र आपोआप करतो. मात्र पाचव्या मिनिटाला ग्रिप हातातून निसटायला लागते. प्रशिक्षकांनी खिशातून खडूची पूड काढून दिली.

तिसरा दिवस : कोरंटाइन

पहाटे चारला मिनीबस. भाच्याला सुट्टी नव्हती. त्याने ड्रायव्हरला तीन-तीनदा बजावलं आणि मला पाण्याच्या चार बाटल्या दिल्या.

जॉर्जटाउन ते मोलसन क्रीक, म्हणजे सीमेवरचा बोटीचा धक्का, हा पूर्ण किनारपट्टीचा रस्ता. सपाट. दोन्ही बाजूंना कालवे, भात, उसाचे तुकडे, खांबांवर उभी लाकडी घरं, आणि बऱ्याच घरांसमोर बांबूला लावलेले लाल-पिवळे झेंडे. हनुमानाची पूजा झाली की अंगणात झेंडा उभारायची इथली पद्धत. उजाडता उजाडता बर्बिस नदी. २००८ मध्ये पूल होण्याआधी ही नदीही फेरीबोटीनेच ओलांडायची.

मग पोर्ट मोरंट. मी ड्रायव्हरला पाच मिनिटं थांबवलं. साखर कारखान्याचं एक गाव, त्यातून रोहन कन्हाय, बेसिल बुचर, जो सॉलोमन, ॲल्विन कालिचरण असे चार कसोटी क्रिकेटपटू निघाले. देशाचे अध्यक्ष झालेले छेदी जगनही इथलेच. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते या कन्हायवरून. दादर ते पोर्ट मोरंट ही रेघ क्रिकेटने ओढली. मी जिच्या शोधात होते ती रेघ इथून पुढे नदी ओलांडून जाते, जिथे क्रिकेट थांबतं.

मोलसन क्रीकला टिनाच्या शेडमध्ये रांग. कोरंटाइन नदी ही सीमा आहे आणि तिच्यावर पूल नाही. पुलाची बोलणी आहेत, पण आज तरी दोन देशांमधली गाड्यांची वाट म्हणजे ही फेरी. ती वेळेवर सुटते आणि तुम्ही वेळेच्या बरंच आधी तिथे असावं लागतं. पासपोर्ट, शिक्का, परत शिक्का, बाकावर बसून वाट पाहणं. माझ्या शेजारी एक बाई पोत्यात वांगी घेऊन बसल्या होत्या, बहिणीकडे निघाल्या होत्या. त्यांच्या पायाशी रॅकेटची लांबट पिशवी होती. विचारलं, तर मुलाची. मुलगा शाळेच्या संघात, मागच्या सुट्टीत नदीपलीकडच्या मुलांशी खेळायला गेला, ग्रिप खराब झाली होती, ती मावशीकडे चांगली गुंडाळून मिळते.

फेरीला अर्धा तासही लागत नाही. पाणी चहाच्या रंगाचं, काठाला खारफुटी. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि त्या प्रशिक्षकांचं वाक्य आठवत राहिले. मोठ्या देशात स्पर्धेला जाणं म्हणजे रात्रीची रेल्वे. पुण्याहून निघायचं, सकाळी हैदराबादला उतरायचं, सगळीकडे तेच पैसे, तोच पासपोर्ट नसलेला प्रवास. इथे जमैकाचं किंग्स्टन ते पारामारिबो हे सरळ रेषेत अडीच हजार किलोमीटरहून जास्त अंतर. जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी. मध्ये समुद्र. बेटं एकमेकांना दिसतात तरी विमान सरळ जात नाही. सहा-आठ खेळाडूंचा संघ पाठवायचा तर संघटनेचं वर्षाचं बजेट त्यात संपतं. स्पर्धेचा इतिहास लिहायचा झाला तर विजेत्यांच्या यादीच्या आधी आलेल्यांची यादी लिहावी लागेल. कोण कोणत्या वर्षी पोचू शकलं, हीच इथली पहिली फेरी.

पलीकडे साउथ ड्रेनला उतरलं की घड्याळ एक तास पुढे आणि पाट्या डचमध्ये. गाड्या मात्र दोन्हीकडे डावीकडूनच चालतात. निकेरीची भातशेती डोळ्यांत मावत नाही. एकेक खाचर आपल्या कोकणातल्या अख्ख्या गावाच्या शेतीएवढं. पुढे कोपेनामे नदीचा उंच पूल, जंगल, पुन्हा वस्ती. चार तासांनी, अंधार पडता पडता, पारामारिबो.

चौथा दिवस : लाकडी शहर

पारामारिबोचा जुना भाग युनेस्कोच्या यादीत २००२ पासून आहे. पांढरी लाकडी घरं, हिरवी दारं, विटांचे पाये. लाकडातच उभारलेलं सेंट पीटर आणि पॉलचं कॅथेड्रल, आत शिरताच सीडरचा वास. केझरस्ट्राटवर ज्यूंचं सिनगॉग आणि मशीद एकमेकांना खेटून. सगळे पर्यटक याचा फोटो काढतात, मीही काढला.

थांबले ती 'बाबा आणि माई'च्या पुतळ्यापाशी. डोक्याला फेटा बांधलेला पुरुष, शेजारी बाई, हातात गाठोडं. 'लाला रूख' नावाचं जहाज कलकत्त्याहून निघून ५ जून १८७३ ला इथे लागलं. दहा वर्षांपूर्वी, १ जुलै १८६३ ला, डचांनी गुलामी कायद्याने संपवली होती, पण मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर राबणं सक्तीचं होतं. ती दहा वर्षं १८७३ ला संपली आणि त्यांची जागा घ्यायला पाच वर्षांच्या करारावर माणसं आणली. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार.

१८७३. पुण्याच्या छावणीत कोणीतरी नेटची उंची आणि कोर्टाची रुंदी कागदावर मांडत होतं, त्याच वर्षी ही माणसं कलकत्त्याच्या धक्क्यावर अंगठा उठवत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, एवढंच की दोन्ही एकाच साम्राज्याच्या सावलीत घडल्या. तरी त्या आकड्यापुढे मी बराच वेळ उभी होते. पुतळ्याशेजारी बसलेल्या एका आजोबांनी "राम राम" म्हटलं. मीही म्हटलं.

पाचवा दिवस : इस्मे व्हान विल्गेन हॉल

ज्यासाठी आले तो दिवस.

सुरिनाम इंटरनॅशनल नावाची स्पर्धा गेल्या दशकात याच हॉलमध्ये भरत आली. जागतिक क्रमवारीचे गुण देणारी. कारेबाकोची खुली स्पर्धाही त्याच दशकात त्या साखळीत आली. ही गुणांची गोष्ट बाहेरच्याला कोरडी वाटेल, पण ऑलिंपिकला जाणाऱ्याच्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी आहे. क्रमवारी वर्षभराच्या स्पर्धांवर ठरते. गुण देणारी स्पर्धा युरोप-आशियातच असेल तर सुरिनामच्या मुलाने दर महिन्याला महासागर ओलांडायचा. ती शेजारी भरली तर त्याला निदान उभं राहायला जागा मिळते. व्हर्जिल सुरोरेजो २०१२ ला लंडनला गेला. ऑप्टी रिओला आणि मग टोकियोलाही. त्याआधी ऑस्कर ब्रँडन १९९६ ला अटलांटाला. जमैकाची नायजेला सॉन्डर्स २००४ ला अथेन्सला. त्यांची नावं आपल्याकडे कुणाला माहीत नाहीत. ती माहीत असावीत असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी सहाला दिवे लागले. भिंतीत वरपर्यंत झरोके, त्यातून वारा; मागच्या कोर्टवर उंच टाकलेलं शटल एक हात डावीकडे वाहत जातं. मुलं ते हिशेबात धरूनच उभी राहतात. साठ-पासष्टचे एक गृहस्थ खुर्चीवर बसून पिसं सरळ करत होते. मुलं त्यांना 'ओम' म्हणत होती, डचमध्ये काका. जावानी वंशाचे. डच-इंग्रजी-हिंदीच्या खिचडीत आमचं जमलं. हिंदी त्यांना शेजाऱ्यांमुळे येत होती.

मी विचारलं तो प्रश्न पाहुणा म्हणून कुणीही विचारतो. सुरोरेजो, वोंगसोदिक्रोमो ही सगळी जावानी आडनावं. इंडोनेशिया म्हणजे बॅडमिंटनचं माहेर. तुमच्या रक्तातच असेल ना खेळ?

त्यांनी शटल खाली ठेवलं. म्हणाले, आमची पहिली माणसं ९ ऑगस्ट १८९० ला आली, शेवटचं जहाज १९३९ ला. इंडोनेशियाने पहिला थॉमस कप, बॅडमिंटनचा पुरुषांचा सांघिक जागतिक चषक, जिंकला १९५८ ला. जहाजात बॅडमिंटन कुठून असणार? जहाजात गामेलान या जावानी वाद्यमेळाचे सूर होते आणि भात होता. खेळ आम्ही इथे शिकलो, शाळांच्या पटांगणात आणि अशा हॉलमध्ये. इंडोनेशियाचा रूडी हार्तोनो ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकत होता तेव्हा त्याचं नाव आमच्यासारखं आहे, याचा आनंद झाला, पण सर्व्हिस त्याने शिकवली नाही. ती या हॉलमधल्या माणसांनी शिकवली.

मी गप्प झाले. पुण्यात आम्हीही असंच बोलतो, खेळ आपल्या मातीतला म्हणून. पण मातीला सर्व्हिस करता येत नाही. कुणीतरी संध्याकाळी येऊन दिवे लावावे लागतात, नेट बांधावं लागतं, फुटकी पिसं निवडावी लागतात. हे ज्या गावात रोज घडतं, खेळ त्या गावचा.

ओमनी आडनावांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली. सुरिनामच्या जावान्यांनी नावं जुन्या डच वळणाने लिहायची ती तशीच ठेवली. इंडोनेशियाने स्वतःचं लेखन बदललं, शेवटचा मोठा बदल १९७२ ला. म्हणजे सुरोरेजो हे नाव तिकडे लिहिलं तर वेगळी अक्षरं, इकडे वेगळी. कारेबाको जन्मली त्याच वर्षी आजोळाने अक्षरं बदलली. स्पर्धेच्या तक्त्यात मात्र ही माणसं आपल्या आजोबांच्या अक्षरांतच राहिली.

मग ऐंशीच्या दशकाची गोष्ट. १९८० ला लष्कराने सत्ता घेतली, १९८२ च्या डिसेंबरमधल्या हत्यांनंतर नेदरलँड्सने मदत थांबवली आणि हळूहळू दुकानं रिकामी झाली. तेल नाही, साबण नाही, पिसांचं शटल तर कुठून असणार. ओम तेव्हा तिशीच्या आत होते. कारेबाकोला जायला मिळालं की सामना संपल्यावर हे लोक कोर्टाच्या कडेची टाकलेली शटल गोळा करायचे. एक-दोन पिसं मोडलेली. दुसऱ्या देशाच्या संघाने ते पाहिलं, आणि परतायच्या दिवशी त्यांच्या दाराशी एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलेलं होतं, वापरलेल्या ट्यूबांनी भरलेलं. कुणी ठेवलं ते सांगितलं नाही. त्या खोक्यावर पारामारिबोची मुलं वर्षभर शिकली.

"तुम्हाला कोण जिंकलं ते हवंय," ओम म्हणाले, "मला खोकं आठवतं."

सहावा दिवस : कोमेवाइन

सुरिनाम नदीच्या पलीकडे कोमेवाइन जिल्हा. नदीवर २००० मध्ये झालेला उंच पूल आहे, पण मी लिओन्सबर्गहून होडीने गेले. राखी डॉल्फिन दोनदा दिसले.

मारीएनबुर्ग हा साखर कारखाना. १८९० ला जावान्यांची पहिली तुकडी, ९४ माणसं, इथेच उतरवली गेली. आता गंजलेल्या चिमण्या आणि चाकांवर वेली. १९०२ च्या जुलैमध्ये मजुरीवरून इथल्या हिंदुस्थानी मजुरांनी बंड केलं, व्यवस्थापक मारला गेला, दुसऱ्या दिवशी सैनिकांनी गोळ्या घातल्या. चोवीस मजूर गेले. स्मारकापाशी माझ्याशिवाय कुणी नव्हतं. भर दुपार होती, बोलायला शब्द नव्हते, मी रस्त्याकडे वळले.

वाटेत एका घराच्या अंगणात दोन पोरं दोरीवर बॅडमिंटन खेळत होती, प्लॅस्टिकच्या शटलने. दोरीवर आईची धुणी वाळत घातलेली. परकरावरून गेलं तर पॉइंट.

सातवा दिवस : ब्लाउखरोंट आणि एक गेम

दिवसभर पाऊस नव्हता. दुपारी बाजारात बारा खाल्ला; उडदाचा, मधे भोक असलेला, आपल्या मेदूवड्याचा लांबचा भाऊ, पण तिखट चटणीत बुडवून. संध्याकाळी ओमनी ब्लाउखरोंटला जावानी खानावळीत नेलं. सौतो म्हणजे कोंबडीचं पारदर्शक सूप, त्यात मोड, तळलेले बटाट्याचे काप, अंडं, शेजारी भात. सोबत नारळाचं गुलाबी दावेत. त्यांच्या सौ. ज्युनिअरच्या सामन्यांना रेषेवर पंच म्हणून बसायच्या. "सगळ्या देशांची मुलं एकाच वसतिगृहात राहिली की तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळ्यांच्या शिव्या येतात," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पण आभार मानायलाही शिकतात." मला त्यांनी तीन शिकवले : डचमध्ये 'दांक यू', स्रानान या सुरिनामच्या बोलीत 'ग्रानतांगी', जावानीत 'मातुर नुवुन'.

त्या परिसरात बसून खेळाडू बाहेर जाण्याची गोष्ट निघाली नाही तर नवल. सीडॉर्फ, डेव्हिड्स, सगळे पारामारिबोला जन्मले आणि नेदरलँड्सकडून फुटबॉल खेळले. बॅडमिंटनची मुलंही शिकायला म्हणून जातात. ओमना त्याचा राग नव्हता. शिकायला गेलेल्यांतले काही स्पर्धेच्या वेळी स्वतःच्या तिकिटाने येतात, म्हणाले, आणि त्यांना घ्यायला आम्ही झांडरेइच्या विमानतळावर सगळे जातो.

रात्री परत हॉलवर. मला खेळायचं होतं. मी आणलेल्यांपैकी दोन ट्यूब जॉर्जटाउनला दिल्या होत्या, दोन ओमच्या हातात ठेवल्या. त्यांनी त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "या मुलांच्या सामन्यांना." मग दुसऱ्या खोक्यातून वापरलेली काढली, पेनाने टोपीवर खुणा केलेली, एक रेघ म्हणजे चांगलं, दोन रेघा म्हणजे डगमगतं. आम्ही दोन रेघांच्या शटलने खेळलो.

माझी पार्टनर चौदा वर्षांची मुलगी, हिंदुस्थानी घरातली. समोर ओम आणि त्यांचा नातू. मुलगी चपळ होती. मी पुढे आणि ती मागे. ओमच्या पायांत आता पळ नव्हता, पण मनगट असं की शटल नेटवर टेकून पलीकडे ओघळायचं. पंधरा-अठरावरून आम्ही ओढत आणलं. वीस-वीस झाले.

"ट्विंतिख खेलेइक," नातू म्हणाला.

मुलीने मला विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात? म्हटलं, हॉलवर तर इंग्रजीतच, पण मराठीत वीस. तिने मान तिरकी केली. "वीस? माझी आजी बीस म्हणते."

"तू पण आजीच म्हणतेस?"

"मग काय म्हणणार?"

ओमनी रॅकेट उचलून दाखवली, सर्व्हिस माझी होती. शटलची दोन पिसं वाकलेली, ती बोटांनी सरळ केली, झरोक्यातून येणाऱ्या वाऱ्याचा अंदाज घेतला आणि आखूड सर्व्हिस टाकली.